हवेवर चालणारें चाक : जॉन बॉइड डन्लॉप

शाळेच्या फाटकाशीं रोज सकाळीं सायकलींची जी रांग लागते, तींतील एखाद्या सायकलीचें चाक बसलेलें आढळलें कीं तिच्या धन्याचें तोंड उतरतें. कधींच न बसणारा टायर कोणी कां केला नाहीं, असा प्रश्न त्या वेळीं त्याच्या मनांत आल्यावांचून राहात नाहीं. हा प्रश्न पोरकट नव्हे. परदेशांतील वेगवान मोटारींचे धनीही आज हाच प्रश्न घेऊन दुकानदारापुढें उभे असतात. ज्या गृहस्थांच्या कृतीमुळें हा प्रश्न घरोघर पोंचला, त्या जॉन बॉइड डन्लॉप यांचें चरित्र आम्ही आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सादर करीत आहों.

डन्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील एअरशर परगण्यांत ड्रेगहॉर्न या गांवीं ता. ५ फेब्रुवारी १८४० रोजीं एका शेतकरी कुटुंबांत झाला. एडिंबरो येथें त्यांनीं पशुवैद्यकाचें शिक्षण घेतलें व वयाच्या १९ व्या वर्षींच ते त्या धंद्यास पात्र ठरले. १८६७ सालीं ते आयर्लंडांत गेले. प्रथम डाउनपॅट्रिक येथें व पुढें बेल्फास्ट शहरांत त्यांनीं आपला दवाखाना थाटला. त्या काळचा बहुतेक व्यवहार घोड्यांवर चाले. त्यामुळें त्यांचा जम उत्तम बसला. १८७१ सालीं त्यांचा विवाह झाला व त्यांस एक मुलगी आणि एक मुलगा अशीं दोन अपत्यें झालीं. सुखानें आयुष्य काढावें एवढें सर्व त्यांस लाभलें होतें. यंत्रविद्या हा कांहीं त्यांचा धंदा नव्हता.

त्या काळीं गाड्यांच्या चाकांस लोखंडी धांव असे व सायकलींच्या चाकांस भरीव रबराची पट्टी. ही पट्टी एका गोष्टींत आजच्या टायरापेक्षां सरस होती. ती पंक्चर होणें शक्यच नव्हतें. परंतु फरसबंदीवरून जातांना प्रत्येक दगडाचा हिसका स्वाराच्या हाडांपर्यंत पोंचे. डन्लॉप यांचा मुलगा नऊदहा वर्षांचा होता. आपली तीनचाकी सायकल तो शहरांतील असल्याच रस्त्यांवरून चालवी. त्याचे हाल पाहून १८८७ सालीं बापानें त्यावर उपाय शोधण्यास आरंभ केला.

रबराच्या पातळ पत्र्याची त्यांनीं एक नळी केली, ती एका लांकडी चकतीभोंवतीं कापडानें घट्ट बसविली, आणि फुटबॉल फुगविण्याच्या पंपानें तींत हवा भरली. मग ही चकती व तीनचाकीचें एक भरीव चाक अशीं दोन्ही त्यांनीं अंगणांतून जमिनीवर लोटलीं. भरीव चाक मध्येंच थांबलें. हवेची चकती मात्र अंगणाच्या टोंकापर्यंत जाऊन फाटकाच्या खांबावर आदळली व मागें उसळली. यांतील इंगित सोपें आहे. भरीव चाकास प्रत्येक खडा ओलांडतांना गाडीचा सारा भार वर उचलावा लागतो, व त्यांत शक्ति वायां जाते. हवेचें चाक खडा आपल्या पोटांत घेतें; दबलेली हवा पुढच्याच क्षणीं पूर्ववत् होते, आणि गाडी जवळजवळ समपातळींतच पुढें सरकते.

१८८८ सालीं मुलाच्या सायकलीस असे टायर बसवून झाले व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत डन्लॉप यांस पेटंट मिळालें. पुढील वर्षाच्या मे महिन्यांत बेल्फास्ट येथें सायकलींच्या शर्यती होत्या. विल्यम ह्यूम नांवाचा स्वार हवेच्या टायरांची सायकल घेऊन मैदानांत उतरला. तीं जाडजूड चाकें पाहून लोक हंसले. परंतु ज्या चार शर्यतींत तो धांवला, त्या चारही त्यानें जिंकल्या, व हंसणाऱ्यांस विचार करणें भाग पडलें. हरलेल्यांत हार्वे डु क्रॉ या उद्योगी गृहस्थांचे पुत्र होते. डु क्रॉ यांनीं डन्लॉप यांच्याशीं भागीदारी करून १८८९ सालीं डब्लिन येथें टायरांची कंपनी काढली.

यानंतर डन्लॉप यांच्यावर दोन आघात आले. १८९० सालीं असें उघडकीस आलें कीं, रॉबर्ट विल्यम टॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश गृहस्थानें हीच कल्पना १८४५ सालींच पेटंट करून ठेविली होती. टॉमसन १८७३ सालीं वारला होता व त्याचें चाक जग विसरून गेलें होतें. डन्लॉप यांस त्याची मुळींच माहिती नव्हती. तथापि कायद्यानें त्यांचें पेटंट रद्द ठरलें. दुसरा आघात पंक्चरचा. त्यांचे टायर चाकास चिकटविलेले असत, त्यामुळें भोंक बुजविणें हें मोठें कष्टाचें काम असे. पुढें वेल्च व बार्टलेट यांनीं इंग्लंडांत आणि मिशेलिन बंधूंनीं फ्रान्सांत काढतां-घालतां येणारे टायर तयार केले, तेव्हां कोठें ही अडचण हलकी झाली.

१८९५ सालीं डन्लॉप कंपनींतून निवृत्त झाले. आपला बहुतेक हिस्सा त्यांनीं सोडून दिला होता. पुढच्याच वर्षीं ती कंपनी ३० लक्ष पौंडांस विकली गेली, व घेणाऱ्यानें ती लागलीच ५० लक्षांस लोकांपुढें मांडली. त्या संपत्तींत डन्लॉप यांचा वांटा अगदींच थोडा होता. ता. २३ ऑक्टोबर १९२१ रोजीं डब्लिन येथें त्यांचें देहावसान झालें. नांव जगभर झालें. धन दुसऱ्यांनीं नेलें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. आज रनफ्लॅट नांवाचे टायर मिळतात. त्यांच्या बाजू जाड व ताठ असतात. हवा गेली तरी त्या गाडीचा भार पेलतात, व ताशीं ८० किलोमीटरपर्यंतच्या वेगानें सामान्यतः ८० किलोमीटर जातां येतें. म्हणून अशा पुष्कळ गाड्यांत जादा चाक ठेवीतच नाहींत. परंतु ताठपणामुळें हिसके अधिक बसतात, व किंमतही अधिक पडते. तेव्हां ते झिजल्यावर थंड देशांतील कित्येक धनी साधे, सर्व ऋतूंत चालणारे ऑल-सीझन टायर पसंत करतात. उन्हाळी टायरांचें रबर सुमारें ७ अंशांखालीं कडक होऊन पकड सोडूं लागतें. या टायरांचें तसें होत नाहीं. मात्र उन्हांत वेगानें वळतांना ते उन्हाळी टायरांची बरोबरी करीत नाहींत, कीं दाट बर्फांत हिवाळी टायरांचीही नाहीं. शिवाय पंक्चर झालें कीं गाडी थांबलीच. म्हणून असा बदल करणाऱ्यानें चारही टायर एका जातीचे घ्यावे, त्यांचें माप, भार व वेगाची खूण गाडीच्या पुस्तकाबरहुकूम असावी, आणि गाडींत पंप व भोंक बुजविण्याचें साहित्य किंवा जादा चाक बाळगावें.

हा हिशेब डन्लॉप यांच्या अंगणांतलाच होय. कधीं न फुटणारी पट्टी सोडून त्यांनीं फुटूं शकणारी हवा पत्करली. कारण फुटण्याचें भय काळजीनें कमी करतां येतें, पण कठीण चाकाचा हिसका काळजीनें कमी होत नाहीं. सर्व गुण एका ठिकाणीं मिळत नाहींत. काय घ्यावें व त्यापायीं काय सोसावें हें ठरवून जो निवड करतो व मग तिची काळजी वाहतो, त्यालाच तिचें सुख मिळतें.

उंसाच्या हंगामांत साखर कारखान्याकडे जाणाऱ्या टायरगाड्या आमच्यापैकीं अनेकांनीं पाहिल्या असतील. लोखंडी धांवेऐवजीं रबरी चाकें आल्यानें त्याच बैलांस तोच भार ओढणें सोपें झालें. जनावरांची शुश्रूषा करण्यांत ज्याची उमेद गेली, त्या पशुवैद्यास ही गोष्ट पेटंटापेक्षां खचित अधिक प्रिय वाटली असती. आमच्या विद्यार्थ्यांनीं उद्यां चाक बसलेलें पाहून रागावण्यापूर्वीं त्यांचें स्मरण करावें, व मग पंप हातीं घ्यावा.