‘कॉल ऑफ क्थुलू’मागचा माणूस : एच. पी. लव्हक्राफ्ट

गेल्या महिन्यात आम्ही चौघं व्हिडिओ कॉलवर ‘कॉल ऑफ क्थुलू’ खेळायला बसलो. हा मोबाइल गेम नाही, टेबलटॉप रोलप्लेइंग गेम आहे. एकजण गोष्ट सांगतो, त्याला कीपर म्हणतात. बाकीचे तपास करणारी साधी माणसं बनतात: प्रोफेसर, डॉक्टर, पत्रकार. फासे आम्ही अ‍ॅपवर टाकले. माझ्या पत्रकाराने तळघरात सापडलेली एक वही वाचली आणि त्याची सॅनिटी, म्हणजे डोकं ठिकाणावर असण्याचा आकडा, ५५ वरून ४९ वर आला. राक्षस तर अजून दिसलाही नव्हता! ही भानगड मुळात कोणाच्या डोक्यातून आली, हे मग मी शोधायला घेतलं.

हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्टचा जन्म २० ऑगस्ट १८९० चा, अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातला. तो तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. ते तिथून परत आलेच नाहीत, १८९८ मध्ये वारले. पुढे १९१९ मध्ये आईलाही त्याच रुग्णालयात जावं लागलं आणि दोन वर्षांत तीही गेली. मधल्या काळात आजोबा वारले, राहतं घर गेलं, आणि तब्येत ढासळल्याने पोराचं हायस्कूलही अर्धवट सुटलं. गेममधली सॅनिटीची कल्पना त्याची नाही, गेम बनवणाऱ्यांची आहे. पण त्याच्या कथांमधली माणसं जास्त कळलं की वेडी होतात, आणि हे वाचताना मला ते रुग्णालयच आठवत राहतं.

१९२४ मध्ये त्याने सोनिया ग्रीनशी लग्न केलं आणि तो न्यूयॉर्कला गेला. नोकरी काही मिळाली नाही. १९२६ मध्ये एकटाच घरी परतला आणि त्याच वर्षी ‘द कॉल ऑफ क्थुलू’ ही कथा लिहिली. ती ‘विअर्ड टेल्स’ मासिकात १९२८ साली छापून आली. या कथेत हाणामारी जवळपास नाहीच. एका माणसाला वारलेल्या आजोबांच्या भावाचे कागद मिळतात: मातीचं एक शिल्प, पोलीस इन्स्पेक्टरची हकिगत, वर्तमानपत्राचं कात्रण. तो तुकडे जोडत जातो आणि शेवटी जोडले नसते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटतं. आपण टेबलाभोवती नेमकं हेच खेळतो ना!

पोटासाठी तो दुसऱ्यांचं लिखाण दुरुस्त करून द्यायचा. जादूगार हुडिनीच्या नावावर छापलेली एक कथासुद्धा त्यानेच लिहिली होती. हयातीत त्याचं जेमतेम एक पुस्तक निघालं, तेही चुकांनी भरलेलं. १५ मार्च १९३७ ला, वयाच्या ४६ व्या वर्षी, तो कॅन्सरने गेला. खिशात काही नव्हतं. दोन वर्षांनी त्याच्या दोन लेखक मित्रांनी फक्त त्याच्या कथा छापायला म्हणून प्रकाशनसंस्था काढली, म्हणून आज आपल्याला त्याचं नाव माहीत आहे.

आता एक गोष्ट लपवायची नाही. लव्हक्राफ्ट कट्टर वंशद्वेष्टा होता. गोऱ्या नसलेल्या लोकांबद्दलचा तिटकारा त्याच्या पत्रांत आहे, कथांतही आहे. आपल्यासारख्यांकडे तो कसा बघायचा, हे वाचून माझा मूडच गेला. वर्ल्ड फँटसी पुरस्कार म्हणून त्याच्या चेहऱ्याचा पुतळा द्यायचे, तोही याच कारणावरून वाद होऊन २०१५ मध्ये बंद झाला. मी खेळणं सोडलं नाही, पण आमच्या कीपरने गोष्टीतले ‘रानटी परदेशी’ काढून टाकले. गोष्टीचं काही बिघडलं नाही.

गेम आला १९८१ मध्ये. कंपनी केऑसियम, डिझायनर सँडी पीटरसन. नियम सोपा आहे. भयानक काही दिसलं की १ ते १०० चा फासा टाकायचा. आकडा तुमच्या सॅनिटीइतका किंवा कमी आला तर थोडक्यात सुटका, जास्त आला तर मोठा फटका. आणि खरी गंमत पुढे आहे: त्या गूढ शक्तींबद्दलचं तुमचं ज्ञान जितकं वाढतं, तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा ९९ वरून खाली येते. क्लू सोडला तर केस सुटत नाही, वाचला तर डोकं जातं.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे त्याच्या इंग्रजी कथा फोनवर फुकट आणि कायदेशीर वाचता येतात. सुरुवात ‘द कॉल ऑफ क्थुलू’पासूनच करा. इंग्रजी जरा जड आहे, डिक्शनरी अ‍ॅप उघडं ठेवा.