एका वेळी एकच बदल!

खड्ड्यात चाक आपटलं, गाडी एका बाजूला ओढायला लागली, की आपण टायरवाल्याकडे जाऊन अलाइनमेंट करून घेतो. विषय संपला. रेसिंगच्या गाडीत मात्र विषय इथूनच सुरू होतो. तिथे सस्पेन्शनची उंची, स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर सगळंच बदलता येतं. पण गाडीची उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात. हा गुंता शांत डोक्यानं सोडवणारा माणूस म्हणजे अमेरिकन रेसर मार्क डोनह्यू.

१९३७ मध्ये न्यू जर्सीत जन्मलेला हा मुलगा तुमच्यातल्या अनेकांसारखाच मेकॅनिकल इंजिनीअर. १९५९ ला ब्राउन युनिव्हर्सिटीची डिग्री घेतली, पण जीव रेसिंगमध्ये. १९६६ पासून तो रॉजर पेन्स्के यांच्या टीममध्ये होता. गाडी तोच पळवायचा आणि तिचं सेटिंगही तोच करायचा.

त्याचं आवडतं ठिकाण होतं स्किडपॅड, म्हणजे डांबराचं मोठं गोल मैदान. तिथे गाडी गोल-गोल फिरवायची, वेळ मोजायची, एक गोष्ट बदलायची, पुन्हा फिरवायची. ऐकायला बोअर वाटतं ना? पण कुठल्या बदलानं टायरची पकड वाढली, हे त्यातूनच कळतं.

समोरून पाहिलं तर चाक जितकं आत किंवा बाहेर कललेलं दिसतं, तो कॅम्बर. वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे वळलेली आहेत की लांब गेलीत, तो टो. स्पोर्ट्‌स कार खाली बसवली की बहुतेक वेळा चाकाचा वरचा भाग आत कलतो आणि टोही बिघडतो. म्हणून आधी उंची ठरवायची, अलाइनमेंट त्यानंतर. मग टायरचं तापमान आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेर मोजायचं. आतली कड फारच तापली, तर कॅम्बर जास्त झालाय असं समजा.

या चिकाटीचं फळ बघा. १९६८ आणि १९६९ ला कॅमॅरो गाडीतून ट्रान्स-ॲमची विजेतेपदं, १९७२ ला इंडियानापोलिस ५०० ची शर्यत. १९७३ मध्ये तर हजार हॉर्सपॉवरच्या वरची पोर्शे ९१७/३० घेऊन त्यानं कॅन-ॲमच्या आठपैकी सहा शर्यती मारल्या!

मग तो निवृत्त झाला, पण फॉर्म्युला वननं परत खेचलं. ९ ऑगस्ट १९७५ ला टॅलाडेगा ट्रॅकवर त्यानं ताशी सुमारे ३५६ किलोमीटरचा विक्रम केला. आठच दिवसांनी ऑस्ट्रियात सरावात टायर फुटला आणि गाडी ट्रॅकबाहेर फेकली गेली. एक मार्शल दगावला. मार्क सुरुवातीला ठीक वाटत होता, पण नंतर डोकं दुखू लागलं. डोक्याच्या दुखापतीनं १९ ऑगस्टला तो गेला. वय फक्त ३८.

तुमच्यापैकी कुणी कॉलेजच्या फॉर्म्युला टीममध्ये असेल, कुणी घरच्या गाडीला लोअरिंग स्प्रिंग टाकायचा विचार करत असेल. टाकण्याआधी मार्कची सवय उचला. एका वेळी एकच बदल करा, तो वहीत लिहा, आणि उंचीला हात लावलात तर अलाइनमेंट केल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. नाहीतर हजारोंचे टायर आतल्या बाजूनं गुपचूप झिजतील आणि पावसाळ्यात ब्रेक मारल्यावरच ते तुम्हाला कळेल.