औरंगाबादचे मौलाना मौदूदी

रमजान हा कुरआन अवतरणाचा महिना. या ग्रंथाच्या भाष्यासाठी तीस वर्षे देणारे मौलाना अबुल आला मौदूदी मूळचे औरंगाबादचे. जन्म २५ सप्टेंबर १९०३.

वडील वारल्याने शिक्षण अर्धवट सुटले, पोटासाठी पत्रकारिता धरली. पुढे हैदराबादहून ‘तर्जुमानुल कुरआन’ मासिक चालवले. १९४१ साली लाहोरला जमाअत-ए-इस्लामी स्थापन झाली. तिचे पहिले अमीर मौलानाच. मुस्लिम लीगचा राष्ट्रवाद त्यांना इस्लामी वाटत नव्हता. तरीही फाळणीनंतर ते पाकिस्तानात राहिले आणि इस्लामी राज्यघटनेसाठी झगडले.

१९५३ साली अहमदियांना गैरमुस्लिम ठरवण्याची मागणी पेटली, लाहोरात रक्त सांडले. ‘कादियानी मसला’ या पुस्तिकेवरून लष्करी न्यायालयाने मौलानांना फाशी सुनावली. दयेचा अर्ज त्यांनी केला नाही. शिक्षा जन्मठेपेवर आली. १९५५ साली सुटका झाली.

त्यांनी दीनचे राजकारण केले, असा आक्षेप अनेक उलेमांनी घेतला. हजरत उस्मान (रजि.) यांच्या कारभाराची त्यांनी केलेली चिकित्साही अनेकांना खुपली.

तुरुंगातही लिहिले गेलेले ‘तफहीमुल कुरआन’ १९७२ साली सहा खंडांत पूर्ण झाले. २२ सप्टेंबर १९७९ रोजी अमेरिकेत त्यांचे निधन झाले, दफन लाहोरला. वाद अजून शमलेले नाहीत. तफहीमचे वाचनही थांबलेले नाही.