विश्लेषण : टीबी माणसाइतका जुना की शेतीइतका? इरावती कर्वे यांनी मोजलेल्या कवट्यांपासून आजच्या डीएनएपर्यंत

जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या इतिहासाचा विषय निघाला की हस्तिदंती मूर्ती आठवते. १९७३ च्या उत्खननात मिळालेली ही स्त्रीमूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे, त्यामुळे ती चर्चेत राहिली. उत्खननात मूर्ती, नाणी, मणी यांची बातमी होते. हाडांची सहसा होत नाही. पण त्या काळचा माणूस काय खात होता आणि कशाने आजारी पडत होता, हे सांगतात ती हाडेच. टीबी म्हणजे क्षयरोग माणसाच्या मागे कधी लागला, याचे उत्तरही जगभर जुन्या सांगाड्यांत शोधले जात आहे. महाराष्ट्रात अशा सांगाड्यांचा शास्त्रीय अभ्यास सुरू करणाऱ्यांपैकी एक व्यक्ती बहुतेकांना युगान्त या पुस्तकामुळे माहीत आहे, ती म्हणजे इरावती कर्वे.

ब्रह्मदेश ते बर्लिन

इरावतीबाईंचा जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशातील म्यिंज्यान येथे झाला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. सातव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना पुण्याला पाठवले. हुजूरपागेत शाळा, रँग्लर परांजपे यांच्या घरी वास्तव्य, मग फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञानाची पदवी. मुंबईत समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्याकडे त्यांनी एम.ए. केले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

सुनेने शिकायला परदेशी जाणे महर्षींना पटले नव्हते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या घरातली ही गोष्ट आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. तरीही पतीच्या पाठिंब्यावर आणि कर्ज काढून त्या १९२८ मध्ये जर्मनीला गेल्या. याच बर्लिनमध्ये ४६ वर्षे आधी, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. इरावतीबाई मात्र जंतू पाहायला गेल्या नव्हत्या. त्यांच्या वाट्याला कवट्या आल्या.

बर्लिनमध्ये काय घडले?

कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. कवटीची उजवी-डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. हा फरक गोऱ्या युरोपीयांमध्ये अधिक असतो आणि तो त्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठत्वाशी जोडलेला आहे, असा फिशर यांचा कयास होता. तो तपासण्याचे काम या भारतीय विद्यार्थिनीला मिळाले. संस्थेच्या हाताशी असलेल्या कित्येक कवट्या जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्या होत्या. ज्यांच्या त्या होत्या, त्यांना कोणी विचारले नव्हते.

इरावतीबाईंनी मोजमापे घेतली आणि निष्कर्ष काढला की कवटीच्या या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, गुण देणाऱ्या मार्गदर्शकाच्याच मताविरुद्ध हे लिहून त्या डॉक्टरेट घेऊन १९३० मध्ये परतल्या. पुढे याच संस्थेने नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा मुलामा दिला. त्यामुळे कर्वे यांचा प्रबंध आज पुन्हा वाचला जातो आहे.

लांघणजचे सांगाडे

काही वर्षे महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केल्यावर १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. त्याच वर्षी पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया तिथे आले. ही जोडी महत्त्वाची ठरली. १९४० च्या दशकात गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात लांघणज येथे वाळूच्या टेकाडावर खोदकाम झाले. दगडाची बारीक हत्यारे, गेंड्याच्या खांद्याचे हाड आणि सोबत हातपाय दुमडून पुरलेली माणसे सापडली. शिकारीवर जगणाऱ्या अश्मयुगीन माणसांचे हे सांगाडे भारतीय पुरातत्त्वासाठी मोठा ठेवा होता.

मात्र त्या काळच्या रीतीप्रमाणे या कवट्यांनाही पहिला प्रश्न विचारला गेला तो वंशाचा. बर्लिनमध्ये वंशसिद्धान्ताला धक्का देणाऱ्या इरावतीबाईंनी मोजपट्टी खाली ठेवली नाही. १९५१ मध्ये त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. श्रेष्ठ-कनिष्ठ ही उतरंड त्यांना मान्य नव्हती, पण शरीराच्या मापांतून समाजगटांचा इतिहास उलगडेल ही आशा त्यांनी बराच काळ धरली. आज ती पद्धत मागे पडली आहे. त्यांची नातेसंबंधांवरची १९५३ ची मांडणी मात्र अजूनही अभ्यासली जाते.

सांगाड्यात टीबी दिसतो कसा?

टीबी मुख्यतः फुफ्फुसाचा रोग असल्याने बहुतेक रुग्णांच्या हाडांवर त्याची खूण राहत नाही. थोड्या रुग्णांत जंतू हाडापर्यंत पोहोचतो. मग पाठीचे मणके पुढच्या बाजूने झिजून खचतात आणि पाठीला कुबड येते. कंबरेचा किंवा गुडघ्याचा सांधा खराब होतो. काही वेळा बरगड्यांच्या आतल्या बाजूवर नव्या हाडाचा थर दिसतो. म्हणजे अभ्यासकाला नुसती कवटी पुरत नाही. मणके आणि बरगड्या जपून काढाव्या लागतात. वंश शोधण्याच्या काळात नेमका हाच भाग दुय्यम मानला जाई.

आता हाडातून जंतूचा डीएनएही काढता येतो. १९९४ मध्ये पेरूतील एका जुन्या ममीत टीबीचा डीएनए मिळाला. कोलंबस अमेरिकेत पोहोचण्याच्या आधीच तिथे हा रोग होता, हे त्यातून कळले.

सहा हजार वर्षे की सत्तर हजार?

पूर्वी मानले जाई की माणसाने गुरे पाळली आणि गुरांकडून टीबी आला. जनुकांचा अभ्यास झाल्यावर ते उलटे निघाले. गुरांचा जंतू ही नंतर फुटलेली शाखा आहे. २०१३ मध्ये आजच्या जंतूंच्या जनुकांवरून एका संशोधकगटाने हिशेब मांडला की टीबी सुमारे ७० हजार वर्षांपूर्वीच्या माणसांबरोबर आफ्रिकेबाहेर पडला. पुढच्याच वर्षी पेरूतील सुमारे हजार वर्षे जुन्या तीन सांगाड्यांतील डीएनए वाचला गेला आणि गणित बदलले. या जंतूंचा समान पूर्वज ६ हजार वर्षांहून जुना नसावा, असे त्यातून दिसले. गंमत म्हणजे पेरूतला तो जंतू सील या सागरी प्राण्यांतील जंतूच्या जवळचा निघाला.

दोन आकड्यांत फरक साधा नाही. ७० हजार धरले तर टीबी शिकारी टोळ्यांचा जुना सोबती ठरतो. ६ हजार धरले तर तो दाट वस्ती करून राहणाऱ्या माणसांचा रोग ठरतो. इस्रायलच्या किनाऱ्यावरील ९ हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत टीबी असल्याचा दावा दुसऱ्या हिशेबाला छेद देतो, त्यामुळे वाद मिटलेला नाही. जगातील सुमारे चतुर्थांश टीबी रुग्ण आज भारतात आहेत. दक्षिण भारतात जंतूची एक शाखा जास्त आढळते, उत्तरेत दुसरी. त्यामुळे भारतातील जुन्या हाडांना या वादात वजन आहे.

भारतातील पुरावा कुठे आहे?

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ मध्ये उत्खनन सुरू केले. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे ते गाव. मोठ्यांना घराच्या जमिनीखाली पुरलेले, लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवलेले. असे दोनशेहून अधिक सांगाडे तिथे मिळाले. हे काम सुरू असतानाच, ११ ऑगस्ट १९७० रोजी, इरावतीबाईंचे निधन झाले. नंतरच्या पिढीने इनामगावच्या मुलांचे दात पाहिले ते वंशासाठी नव्हे, तर उपासमार आणि आजारपणाच्या खुणा शोधण्यासाठी.

सिंधू संस्कृतीतील हडप्पा येथील सांगाड्यांवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुष्ठरोग आणि टीबी या दोन्हींच्या खुणा नोंदवल्या गेल्या. शहराच्या पडत्या काळात संसर्ग वाढलेला दिसतो, आणि वेगवेगळ्या दफनजागांत त्याचे प्रमाण सारखे नव्हते. म्हणजे तेव्हाही रोगाची झळ सगळ्यांना सारखी बसली नाही.

यापुढची अडचण हवामानाची आहे. उष्ण, दमट मातीत डीएनए लवकर नष्ट होतो. डेक्कन कॉलेजच्याच अभ्यासकांनी हरियाणातील राखीगढी येथील साठहून अधिक नमुने तपासायला दिले होते. २०१९ मध्ये निकाल आला तेव्हा त्यांपैकी फक्त एका स्त्रीच्या सांगाड्यातून वाचण्याजोगा मानवी डीएनए मिळाला होता.