काय काढायचे आणि कुठे थांबायचे

गिरडची टेकडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिथले सुपारी-जायफळासारखे गोल दगड आठवत असतील. समुद्रपूर तालुक्यातले हे गाव शेख फरीदबाबांच्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध आहे. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे नवस फेडायला येतात. आख्यायिका अशी की, थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सगळा माल बाबांनी दगड करून टाकला. भूगर्भशास्त्रज्ञ त्या खड्यांना झिओलाइट म्हणतात. मला मात्र नेहमी त्या व्यापाऱ्यांच्या बैलांची दया येते. एका क्षणात ओझे केवढे वाढले!

बँकेच्या नोकरीत असताना, १९८८ च्या सुमारास, एका कर्जदाराच्या जीपमधून मी गिरडला निघालो होतो. यात्रेत जास्त माणसे बसावीत म्हणून त्याने मागची बाके, छताचे अस्तर, पायाखालचे रबर, सगळे काढले होते. गाडी हलकी झाली, डिझेल कमी खाते, असे तो कौतुकाने सांगत होता. गाव चार-पाच किलोमीटरवर असताना चाक बसले, आणि मग कळले की स्टेपनी आणि जॅकही घरीच राहिले आहेत! उरलेला रस्ता आम्ही उन्हातून तुडवला. पुढे कॉलिन चॅपमनचे चरित्र वाचताना हा जीपवाला मला राहून राहून आठवला.

मोटारशर्यतींच्या जगात चॅपमनचे नाव मोठे. त्याचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो बांधकामाचे अभियांत्रिकी शिक्षण घेत होता आणि जोडीला जुन्या मोटारी घेऊन विकत होता. युद्धानंतरच्या पेट्रोलटंचाईत तो धंदा बसला. हाती उरली एक जुनी ऑस्टिन सेव्हन. १९४८ मध्ये त्याने तिचे जड अंग उतरवले आणि अॅल्युमिनियमचे पत्रे चिकटवलेल्या प्लायवुडचे हलके अंग चढवले. तीच पहिली लोटस. पूल बांधायला शिकणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: भार पेलतो तो भाग खरा, बाकीचे केवळ वजन.

१९५२ मध्ये त्याने लोटस इंजिनिअरिंग सुरू केली. भांडवल होते २५ पौंड, तेही हेझल विल्यम्स या मैत्रिणीकडून उसने घेतलेले. पुढे तीच त्याची पत्नी झाली. आमच्या भाषेत हे कर्ज विनातारण होते. पण परतफेड झकास झाली म्हणायची!

त्याचा विचार घरातल्या कुणालाही समजेल असा होता. जोरदार इंजिन बसवले तर सरळ रस्त्यावर वेग वाढतो. पण वळणावर आणि ब्रेक लावताना जास्तीचे वजन आड येते. वजन उतरवले की गाडी निघताना, वळताना, थांबताना, सर्वत्र फायदा देते. शिवाय टायर कमी झिजतात, पेट्रोल कमी लागते. म्हणून आजही हौशी मंडळी आपल्या स्पोर्ट्स गाडीतून गालिचे, मागचे आसन, रेडिओ, आवाज अडवणारे जाड थर आणि दारांची सजावट काढून टाकतात. चॅपमन तर हे सामान मुळात घालतच नसे. १९५७ ची लोटस सेव्हन दोन माणसांपुरती, जेमतेम ५०० किलोच्या आसपासची. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्याने वेगळा सांगाडाच काढून टाकला आणि पत्र्याच्या अंगालाच सांगाडा केले. चालक तिच्यात जवळजवळ आडवा पडून बसे. जिम क्लार्क या शेतकरी घरातल्या स्कॉटिश तरुणाने त्याच गाडीने १९६३ चे जगज्जेतेपद मिळवले.

पण काढता काढता हात कुठे थांबवायचा? १९६० मध्ये बेल्जियममध्ये स्टर्लिंग मॉसच्या लोटसचे चाक निखळले आणि त्याचे दोन्ही पाय मोडले. ७ एप्रिल १९६८ रोजी हॉकनहाइमला क्लार्क गेला. चॅपमनला तो घरच्यासारखा होता. १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या अपघातातून वाचल्यावर योखेन रिंट या चालकाने चॅपमनला पत्र लिहिले. मागणी एवढीच होती, की तुमच्या गाड्या मुळात वेगवान आहेत, तेव्हा कमकुवत भाग भक्कम करायला थोडे वजन वाढले तरी चालेल. रिंट आणि चॅपमन यांच्यात खटके उडत. पण वेगाचा मोह दोघांनाही होता. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझाच्या सरावात रिंटची लोटस ७२ पंख उतरवून धावत होती. ब्रेकचा पोकळ दांडा तुटला असे मानले जाते. गाडी कठड्यावर आदळली. तो कठडाही नीट बसवलेला नव्हता. आग लागली तर चटकन बाहेर पडता यावे म्हणून रिंट मांड्यांमधला पट्टा बांधत नसे. तो गेला. तरी आधी जमवलेल्या गुणांवर त्या वर्षीचा जगज्जेता तोच ठरला. मरणोत्तर हा मान मिळालेला तो आजवर एकटाच आहे. खटल्यात चॅपमन निर्दोष सुटला. पण न्यायालयातून सुटणे आणि मनातून सुटणे वेगळे.

१९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्तीने लोटसला पुन्हा जगज्जेतेपद मिळवून दिले. १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन गेला तेव्हा तो अवघा ५४ वर्षांचा होता. त्यानंतर डीलोरियन मोटार कंपनीच्या पैशांचा घोटाळा उघड झाला आणि १९९२ मध्ये त्याच्या जुन्या अर्थसहकाऱ्याला तुरुंगवास झाला. खातेवह्यांतूनही नको ते वजन उतरवले गेले होते, असे माझ्यातला बँकवाला म्हणतो.

चॅपमनला लहान ठरवण्यासाठी हे सांगत नाही. आजच्या शर्यतीच्या गाड्यांच्या घडणीत त्याचा विचार आहे. मात्र आज त्याच गाड्यांना चालकाच्या डोक्याभोवती धातूचे कडे सक्तीचे आहे; २०१८ पासून ते वजन सर्वांनी स्वीकारले. गालिचा काढा, रेडिओ काढा. पट्टा, पिंजरा आणि आग विझवायचे नळकांडे मात्र राहू द्या. ज्याचे काम रोज पडत नाही ते निरुपयोगीच असते, असे नाही.

गिरडचा तो जीपवाला परतताना पुढच्या गावी थांबला आणि त्याने जुनी का होईना, एक स्टेपनी विकत घेतली. गाडी किंचित जड झाली. मी मात्र निश्चिंत बसलो.