बेडकांचा हिशेब मांडणारे हुमायून अब्दुलअली

मेहकर (ता. भालकी) : मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की शेताच्या डबक्यात पिवळेजर्द बेडूक ओरडायला लागतात. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडणारा हा नर म्हणजे आपला मोठा बेडूक, ज्याला पुस्तकात भारतीय बुलफ्रॉग म्हणतात. चाळीसएक वर्षांपूर्वी याच बेडकाचे पाय बर्फात गोठवून जहाजाने परदेशात जात होते. तो धंदा थांबला त्यामागे ज्यांचे मोठे कष्ट होते, ते मुंबईचे हुमायून अब्दुलअली. पक्ष्यांचे अभ्यासक म्हणून ते जगाला माहीत आहेत. बेडकांसाठी त्यांनी काय केलं, हे मात्र शेतकऱ्यांपर्यंत फारसं पोचलं नाही.

अब्दुलअलींचा जन्म 19 मे 1914 रोजी जपानमधल्या कोबे शहरात झाला. घराणं व्यापाऱ्यांचं. शिक्षण मुंबईत सेंट झेवियर्समध्ये झालं आणि प्राणिशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले. पक्षितज्ज्ञ सलीम अली हे त्यांचे नात्यातले भाऊ. त्या काळच्या बऱ्याच निसर्गप्रेमींसारखी अब्दुलअलींची सुरुवातही शिकारीपासून झाली. बंदूक हातात असलेल्या माणसाला जनावर कुठं बसतं, काय खातं, कधी विणीला येतं हे नीट माहीत असावं लागतं. ती नजर त्यांना पुढं अभ्यासात कामाला आली. घरचा व्यापार सांभाळत त्यांनी आयुष्यभर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं काम केलं. 1883 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे ते अनेक वर्षं मानद सचिव होते.

त्यांचं पहिलं मोठं काम कायद्याचं. मुंबई राज्याचा वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायदा 1951 मध्ये आला. त्याचा मसुदा तयार करण्यात अब्दुलअलींचा मोठा वाटा होता. तेव्हा बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे मुंबई राज्यात होते, म्हणून तिथं तो कायदा लागू झाला. बीदर आणि गुलबर्गा निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्यात होते, त्यामुळं आपल्या भागाला तो लागू नव्हता. 1956 ला बीदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले. एकाच मांजरा नदीच्या दोन काठांना दोन राज्यं झाली. वन्यजीवांसाठी देशभराचा एक कायदा यायला 1972 साल उजाडलं.

दुसरं काम बेडकांचं. गोठवलेले बेडकाचे पाय युरोप-अमेरिकेच्या हॉटेलांत महाग विकले जात. एकट्या 1981 मध्ये भारतातून 4,368 टन पाय बाहेर गेले. हे वजन नुसत्या पायांचं, म्हणजे मारलेले बेडूक कोटींच्या घरात. ते काही तळ्यात पाळलेले नव्हते. पावसाळ्यात, ऐन विणीच्या हंगामात, गरीब माणसं रात्री दिवा घेऊन शेतातून ते पकडून आणत. बऱ्याचदा जिवंतपणीच पाय तोडून बाकीचं धड फेकून दिलं जाई.

अब्दुलअलींनी इथं दयामायेच्या गोष्टी बाजूला ठेवून व्यापाऱ्याची वही उघडली. एका बाजूला निर्यातीतून मिळणारं परकीय चलन. दुसऱ्या बाजूला बेडूक फुकटात काय करतो ते: किडे, टोळ, खेकडे खाऊन पीक राखतो. तो गेला की तेच काम विकतच्या औषधाकडून करून घ्यावं लागतं. निर्यातीवरचा त्यांचा सविस्तर लेख 1985 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी हा बेडूक आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला. 1987 मध्ये भारत सरकारनं पायांची निर्यात बंद केली. मागणी काही संपली नाही; पुढं इंडोनेशिया मोठा पुरवठादार झाला. पण आपल्या बांधावरचा बेडूक वाचला. आज जागतिक यादीत तो सर्वांत कमी धोक्याच्या गटात आहे.

सगळ्या बेडकांचं नशीब असं नाही. सह्याद्रीच्या ओढ्यांत राहणाऱ्या एका छोट्या बेडकाला 1955 मध्ये भादुरी व कृपलानी या शास्त्रज्ञांनी अब्दुलअलींचं नाव दिलं: निक्टिबॅट्रॅकस हुमायूनी. याची मादीसुद्धा आवाज देते, जे बेडकांत क्वचितच दिसतं. सातारा जिल्ह्यात कोयनेजवळच्या हुंबरळी इथं अभ्यासकांनी रात्री जागून त्याचं निरीक्षण केलं आणि बेडकांच्या मीलनाची तोवर माहीत नसलेली पद्धत 2016 मध्ये जगापुढं मांडली. हा बेडूक फक्त उत्तर सह्याद्रीत सापडतो. ओढा आटला किंवा झाडं तुटली तर त्याला दुसरीकडं जागा नाही. जगभराचा विचार केला तर 2023 मध्ये आलेल्या पाहणीनुसार बेडूक, सॅलॅमँडर वगैरे उभयचरांपैकी सुमारे 41 टक्के जाती धोक्यात आहेत.

अब्दुलअली 3 जून 2001 रोजी मुंबईत वारले. त्यांनी मांडलेला हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. पाय तोडणारे गेले, पण सोयाबीन-तुरीवर फवारलेलं औषध पावसाबरोबर वाहून त्याच डबक्यात उतरतं, जिथं बेडकाची अंडी आणि पिल्लं असतात. डबकी बुजली, नाले सरळ झाले, रात्रीच्या रस्त्यावर गाड्या वाढल्या. या नुकसानीला निर्यातबंदीचा कायदा पुरत नाही. बांधाकडेची पाणथळ जागा राखणं, विणीच्या दिवसांत डबक्याच्या काठाला फवारणी टाळणं, एवढं तर शेतकऱ्याच्या हातात आहे. बेडूक किडे खातो त्याची मजुरी मागत नाही, म्हणून ती कुणाच्या वहीत चढत नाही. तो नसला की औषधाचं बिल मात्र दर हंगामात चढतं.