शास्त्रीय मराठी गद्याचे आद्य अध्यापक : बाळशास्त्री जांभेकर

बाळशास्त्री जांभेकर यांची आद्य मराठी पत्रकार ही ओळख सर्वमान्य आहे. तथापि त्यांच्या लेखनामागील अध्यापकाची दृष्टी आपल्या वाङ्मयेतिहासात काहीशी दुर्लक्षित राहिली आहे. देवगड तालुक्यातील पोंभुर्ले येथे १८१२ साली जन्मलेल्या बाळशास्त्रींना संस्कृत विद्येचा वारसा घरातच लाभला. इंग्रजी व गणित त्यांनी मुंबईत आत्मसात केले. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या 'दर्पण'मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. त्यामुळे नव्या संकल्पनांना मराठी शब्द योजणे संपादकास अपरिहार्यच झाले. १८३४ मध्ये ते एल्फिन्स्टनमध्ये साहाय्यक प्राध्यापक झाले. मात्र इंग्रजी न जाणणारा वाचक त्यांनी कधी दृष्टिआड केला नाही. 'शून्यलब्धिगणित' लिहून त्यांनी कलनासारखा अवघड विषय मराठीत मांडला. १८४० मध्ये 'दर्पण' बंद झाले. त्याच वर्षी सुरू केलेल्या 'दिग्दर्शन' मासिकातून त्यांनी पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल हे विषय नकाशांसह वाचकांपुढे ठेवले. १८४५ मध्ये शिक्षक घडविणाऱ्या अध्यापनवर्गाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढील वर्षीच, मे १८४६ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

परिभाषा केवळ कोशात सिद्ध होत नाही. समोरच्यास समजावून देण्याच्या निकडीतून ती घडते. बाळशास्त्रींचे गद्य याची साक्ष देते. म्हणूनच व्यावहारिक व शास्त्रीय मराठीच्या अभ्यासाचा आरंभ त्यांच्यापासून करणे युक्त ठरेल.